मिरचीच्या देठांचं विरजण

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, २३ मार्च २०२५

अंजली,

जय भीम. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत.

लाइट बिलाशिवाय पाकिटातून काही येतं, हे तू विसरली असशील. पण फोनवर तू ‘हं, बोला पप्पा’ म्हणतेस आणि माझी पुढची वाक्यं पळून जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर दर पाच मिनिटांनी निळ्या टिका उमटल्या का ते बघत बसतो. पत्र तू वाचलंस की नाही ते मला कळणारच नाही. म्हणून झोप तरी लागेल.

तुझी यादी मिळाली. एकोणीस मुद्दे. चोवीस वर्षं चाकणच्या कंपनीत मी ब्रेकचे पार्ट तपासतोय, पण इतकी कडक यादी मला कुठल्या परदेशी साहेबानेसुद्धा दिली नाही. दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, चीज, खवा यांतलं काहीही सम्यकाच्या ताटात नको, ताटाजवळ नको, त्याला लागलेला चमचासुद्धा नको. काजू, नारळ, शेंगदाणे चालतात, त्यांच्या तपासण्या झाल्यात. थेंबभर दूध पोटात गेलं तरी घसा आतून सुजतो आणि श्वास अडतो, हे तू पुन्हा लिहिलंस. ते लिहायची गरज नव्हती. ते आम्ही पाहिलंय.

शेवटचा मुद्दा तू लाल अक्षरांत टाकलास : ‘आईने स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही. सगळं पप्पांनी करायचं. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून पाठवतेय.’

तो मी तुझ्या आईला वाचून दाखवला. ती गवार निवडत होती. म्हणाली, “बरं.” मग शेंगा मोडायचा आवाज जरा मोठा झाला, एवढंच.

तुझी अडचण कळते. तू कंपनीच्या ट्रेनिंगला जर्मनीला जाणार, जावई मस्कतला, आणि तुझ्या सासूबाईंनी नेमकं याच महिन्यात खुबा मोडून घेतला. पंधरा दिवस पोरीला ठेवायला तिसरं घर नाही, म्हणून दोन वर्षांनी आमचं घर आठवलं. बाकी काही असो, सासूबाईंना माझा जय भीम कळव.

आणि पोरीने फोनवर मला काय मागितलं, ते तुला माहीत आहे का? पिझ्झा. “आजोबा, सगळ्यांसारखा. तुकडा उचलला की तार निघते ना, तसला.” वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला तीस पोरं पिझ्झा खात होती आणि ही कोपऱ्यात बसून डब्यातला चिवडा खात होती, म्हणे. मी म्हटलं, करतो की! आणि फोन ठेवल्यापासून तुझी यादी तिसऱ्यांदा वाचतोय.

पप्पा

रविवार, ३० मार्च

अंजली,

कामाला लागलो. पहिलं काम, घरात दूध कुठे कुठे लपलंय ते शोधणं. कंपनीत खराब पार्टला लाल पट्टी लावून लाल पेटीत टाकतात. मी घरात लाल पट्ट्या लावत सुटलो. बिस्किटांवर लागली, ब्रेडवर लागली, टोस्टवर लागली. ज्या चकलीला मी आयुष्यभर निष्पाप समजत होतो तिच्यात लोण्याचं मोहन निघालं. मिक्सरच्या भांड्याचं रबर काढून बघितलं तर त्यात किती वर्षांचं ताक बसलंय देव जाणे, आणि आपण तर देव मानत नाही, म्हणजे कोणालाच माहीत नाही. पोळपाटाच्या भेगांत तूप, लाकडी डावात तूप, तव्याच्या कडेला तूप. अंजली, मराठी माणसाचं स्वयंपाकघर हे थेट गोठ्याचं एक्स्टेन्शन आहे.

सगळं माळ्यावर टाकलं. नवा मिक्सर, नवा तवा, नवा पोळपाट आणला. वरच्या मजल्यावरच्या कुसुमताईंनी जिन्यात गाठलंच.

“काय हो विलासराव, नवीन संसार थाटताय की काय?”

“नात येणारेय. तिला दूध चालत नाही.”

“अगंबाई! दूध न चालायला ती काय परदेशी आहे? आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो. थोडं थोडं पाजत राहायचं, अंगवळणी पडतं.”

मी हसलो. कुसुमताईंना मी काय बोलणार? त्यांचं वाक्य मला तोंडपाठ होतं.

आता ट्रायल. काजू चार तास भिजवले, वाटले, त्यात लसूण, मीठ, लिंबू घालून शिजवलं. चव बरी, पण ताणलं जाईना. तुकडा उचलला की चीज पिझ्झ्यावरून ओल्या पोपड्यासारखं सुटून यायचं. तुझी आई नियमाप्रमाणे हॉलमध्ये, टीव्हीसमोर. टीव्ही बंद. तिथून आवाज आला, “साबुदाणा घाला.”

“पिझ्झ्यात साबुदाणा?”

“खिचडी चिकट झाली की तुम्हीच ओरडता की, तार निघाली म्हणून. मग तीच तार तिथं वापरा की.”

मी साबुदाण्याचं पीठ करून दोन चमचे घातले. मंद आचेवर ढवळत राहिलो. एकदम मिश्रण गोळा होऊन कढईपासून सुटायला लागलं. उलथणं वर उचललं आणि, अंजली, वीतभर तार! मी ओरडलो. ती दारापर्यंत आली. चौकटीच्या अलीकडे पायाची बोटं ठेवून थांबली, मान लांब करून बघितलं, आणि परत जाऊन बंद टीव्हीसमोर बसली.

फक्त चव अजून चीजची नाही. चीजला एक आंबूसपणा असतो, तो लिंबाने येत नाही. त्यासाठी दुसरी ट्रायल घेतली होती. ती टाकून दिली. कारण तांत्रिक.

पप्पा

रविवार, ६ एप्रिल

अंजली,

श्वास अडला तर टोचायचं, ते तू पाठवलेलं इंजेक्शन आलं. डॉक्टरांच्या व्हिडिओत बाई हसत हसत सांगतात, ‘घाबरू नका, मांडीच्या बाहेरच्या बाजूला सरळ टोचा.’ मी रिकाम्या सिरिंजने मोसंबीवर सराव करतो. सोळा मोसंब्या झाल्या. एकही मोसंबी रडली नाही, निळी पडली नाही, ‘आजोबा’ म्हणाली नाही. त्यामुळे सराव झाला असं म्हणता येत नाही.

एक विचारतो. तुझी कोणी मैत्रीण नाही का? पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे. किंवा मी तिकडे येऊन राहतो, तुझ्या घरात, तुझ्या भांड्यांत. किंवा ट्रेनिंग पुढच्या बॅचला ढकलता येतं का, बघ. जबाबदारी टाळतोय असं समजू नकोस. टाळतोयच, पण तसं समजू नकोस.

कंपनीत कसं असतं, माझ्या हातून एखादा खराब पार्ट सुटला तर तो पुढच्या टेबलावर सापडतो. तिथून सुटला तर गिऱ्हाईक पेटी परत पाठवतं, वर चार शिव्या घालतं, आम्ही रिपोर्ट लिहितो. चूक परत येते, म्हणून तर मी चोवीस वर्षं नोकरीत टिकलो. घरात पुढचं टेबल नाही.

गेल्या मंगळवारी शिफ्टमध्ये मला पार्ट मोजायचं गेज धरता येईना. सुपरवायझर दिग्विजय, तुझ्यापेक्षा लहान पोरगा, म्हणाला, “काय राव काका, शुगर लो झाली का? दूध घ्या कपभर.” मी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा दोन पावलं मागे गेला.

पप्पा

रविवार, १३ एप्रिल

अंजली,

तुझा मेसेज वाचला. ‘पप्पा, नाटकं करू नका. तुमच्याशिवाय माझा कोणावर विश्वास नाही.’

आज बाहेर उद्याच्या जयंतीची तयारी चाललीय. निळ्या पताका लागल्या, स्पीकरवाले ‘हॅलो, हॅलो, चेक’ करून खिडक्यांच्या काचा तपासतायत. विहारातून दोनदा बोलावणं आलं. गेलो नाही. आधी हे लिहितो, कारण सम्यका शनिवारी येणार, आणि पत्र त्याच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे. मागच्या पत्रांत मी विनोद केले. आज जमतील तेवढेच करीन.

आधी ती तांत्रिक कारणाने टाकलेली ट्रायल.

आंबूसपणा यावा म्हणून मी काजूच्या वाटणाला रात्रभर विरजायचं ठरवलं. विरजायचं म्हणजे आपल्या हाताला काय माहीत? फ्रिज उघडला, तुझ्या आईच्या दह्याच्या वाटीतून बोटाच्या टोकाएवढं दही घेतलं आणि वाटणात घालून ढवळलं. माझ्याच हाताने लावलेली लाल पट्टी त्या वाटीवर होती, अंजली. मी ती पट्टी बाजूला सारून दही घेतलं. मनात एवढंच होतं की एका बोटाने काय होतंय. नाही, तेवढंही नव्हतं. मनात काहीच नव्हतं. हात आपोआप गेला.

सकाळी वाटण झकास आंबलं होतं. मी खुशीत चव घेत होतो. तुझी आई चौकटीबाहेरून म्हणाली, “विरजण कशाचं लावलंय?”

मी सांगितलं.

ती आत आली. दोन वर्षांत तिने मोडलेला तुझा हा एकमेव नियम. भांडं माझ्या हातातून घेतलं, वाटण पिशवीत बांधलं, पिशवी खाली कचऱ्याच्या डब्यात टाकून आली. भांडं फेकलं, चमचा फेकला. मग हात धुतले, कोपरापर्यंत, आणि म्हणाली, “माझी आजी आषाढात विरजण संपलं की हिरव्या मिरचीची देठं टाकायची दुधात. दही लागायचं. काजूलाबी लागंल.” चार मिरच्यांची देठं तिने धुऊन नव्या वाटणात टाकली आणि परत चौकटीबाहेर जाऊन उभी राहिली. मला रागावली नाही. रागावली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं कदाचित.

देठांनी चीज आंबलं. चव हुबेहूब आली. मला ते गिळवलं नाही.

आता दुसरं.

दोन वर्षांपूर्वीची बुद्ध पौर्णिमा. विहारात खीरदान होतं, मी समितीचा सचिव. नवा पांढरा शर्ट घालून पातेल्यापाशी ओगराळं घेऊन उभा होतो. सकाळी तू मला बजावलं होतंस, “पप्पा, सम्यकाला खीर द्यायची नाही, रिपोर्ट आलाय.” मी ‘हो’ म्हटलं. आणि मनात म्हटलं, ही आजकालची थेरं. दुधाने कुणाला काय झालंय? कुसुमताईंचं वाक्य मला का पाठ होतं ते कळलं ना?

ती रांगेत आली, पाच वर्षांची, दोन्ही हातांत द्रोण धरून. पुढे मागे सगळी पोरं खीर घेऊन जात होती. समितीचे लोक बघत होते. सचिवाच्या नातीचा द्रोण कोरडा कसा जाईल? मी पूर्ण ओगराळं घातलं नाही. अर्धं घातलं. माझा अडाणीपणा असा मापात होता.

पुढचं तुला माहीत आहे. ओठ सुजले, मग डोळे, मग तो आवाज, शिट्टीसारखा. आई तिला मांडीवर घेऊन रिक्षात बसली, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. तू मागून दुसऱ्या रिक्षाने आलीस. हॉस्पिटलच्या दारात ओरडलीस, “कोणी दिली खीर?”

आई म्हणाली, “मी.”

मी तिच्या शेजारी उभा होतो. माझ्या हातात विहाराचं ओगराळं होतं, खीर लागलेलं. तिथपर्यंत ते मी धरून आलो होतो. तू आईकडे बघत होतीस. माझ्या हाताकडे बघितलं नाहीस.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, “असं का केलंस?” ती म्हणाली, “तुमचं तोंड बघितलं. म्हटलं, आज एक पेशंट पुरे.” मी म्हटलं, उद्या अंजलीला सांगतो. दुसऱ्या दिवशी तू फोनवर मला म्हणालीस, “पप्पा, निदान तुम्ही तरी समजूतदार आहात.” ते ऐकायला इतकं बरं वाटलं की मी उद्यावर ढकललं. तो उद्या दोन वर्षं चालला. तू आईशी बोलणं टाकलंस, आणि दर रविवारी तुझा फोन आला की ती गॅलरीत कपडे वाळत घालायला जाते. कपडे नसले तरी जाते.

तुझ्या यादीतला शेवटचा मुद्दा चुकलाय. ज्याला स्वयंपाकघराबाहेर ठेवायला हवं त्यालाच तू किल्ली दिलीस. दोन वर्षांपूर्वी मला कळत नव्हतं असं म्हणावं, तर ट्रायल दोनचं काय? आता सगळं कळून, यादी भिंतीवर चिकटवून, मोसंब्या टोचून मी तेच केलं. माझी मला भीती वाटते, अंजली. झोपेत दचकून उठतो आणि हाताला दही लागलंय का बघतो.

पोरगी पाठवायची की नाही ते तू ठरव. पाठवलीस तर तिच्या आजीच्या हवाली पाठव. माझ्या नाही. आणि माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. गॅलरीत कपडे वाळत घालायची आता माझी पाळी.

स्पीड पोस्टने पाठवतोय. पोस्ट बंद असेल उद्या. परवा सकाळी शिफ्ट बुडवून स्वतः टाकीन, नाहीतर परत एक उद्या निघेल.

पप्पा

शनिवार, २६ एप्रिल

अंजली,

हे पत्र जर्मनीला पाठवत नाही. सम्यकाच्या बॅगेत, खालच्या कप्प्यात ठेवतोय.

मागच्या आठवड्यात गुरुवारी तू फोन केलास तो माझ्या नाही, तुझ्या आईच्या मोबाइलवर. ती त्या फोनकडे बघतच राहिली. दोन वर्षांत तिला त्यावर फक्त गॅसवाल्याचा आणि लोन पाहिजे का विचारणाऱ्या पोरीचा फोन आलाय. घेतला, कानाला लावला. मग ती म्हणाली, “जेवलीस का?” मी गॅलरीत गेलो.

शनिवारी तू सम्यकाला घेऊन आलीस. तास दीड तास स्वयंपाकघरात आईजवळ होतीस, दार लोटून. जाताना माझ्यासमोर भिंतीवरची यादी काढलीस, शेवटचा मुद्दा खोडलास, त्याखाली लिहिलंस : ‘पप्पांनी स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही.’ मला एक शब्द बोलली नाहीस. अक्षर मात्र नीट काढलं होतंस.

नियम पाळतोय. चौकटीबाहेर खुर्ची टाकून बसतो. माझ्याकडे दोन कामं, घड्याळ बघणं आणि पोरीचा चेहरा बघणं. सोमवारी कुसुमताई खरवसाची वाटी घेऊन दारात आल्या. “लहान लेकराला आणलाय, पहिल्या चिकाचा!” मी दार असं आडवं धरून उभा राहिलो, की त्या आता जिन्यात माझ्याकडे बघत नाहीत. चालेल.

आज पिझ्झा झाला. काजू, साबुदाणा, मिरचीची देठं. तुझ्या आईने पीठ मळलं, सम्यकाने टोमॅटोचा रस्सा पसरला, नाकाला पण लावला. नव्या तव्यावर झाकण ठेवून भाजला. सम्यकाने तुकडा उचलला. तार निघाली. ती तार ओढत ओढत ती चौकटीबाहेर माझ्यापर्यंत आली, तार तुटेना, ती हसायला लागली. मी घड्याळ बघितलं. सात वाजून पाच.

तिने पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. माझं इंजेक्शन खिशात, हात खिशात.

ती म्हणाली, “आजोबा, तू असा का बघतोस?”

“असंच.”

“मी मरणार नाही. आजीने केलाय.”

मग खाता खाता, जसं काही दप्तर कुठे आहे ते सांगावं तसं म्हणाली, “तेव्हा खीर तू दिली होतीस.”

आत तव्याचा आवाज थांबला.

“तुला आठवतं?”

“हो. मोठा चमचा तुझ्या हातात होता. रिक्षात पण होता. त्यातून खीर गळत होती.”

“मग तू मम्मीला सांगितलं का नाहीस?”

“मला कुणी विचारलंच नाही.”

अंजली, आपण तिघं मोठी माणसं. दोन वर्षं तू आईवर चिडलीस, आई गप्प बसली, मी लपलो. जिच्या घशात ते गेलं तिला कुणी विचारलं नाही. तिला द्रोणात खीर हवी होती का, तेही मी विचारलं नव्हतं. तिने नुसते हात पुढे केले होते, रांगेत सगळे करत होते म्हणून.

मी म्हटलं, “चुकलो गं.”

तिने विचार केला. अगदी कंपनीचा ऑडिटर करतो तसा. “आता देताना आधी मला विचारायचं. सगळ्यांनी. कुसुम आजीने पण.”

“विचारतो.”

“आत्ता विचार.”

तुझ्या आईने प्लेट चौकटीतून बाहेर सरकवली आणि माझ्याकडे बघत राहिली. दोन वर्षांत मी त्या पोरीला माझ्या हाताने पाण्याचा पेलासुद्धा दिला नव्हता. मी तुकडा उचलला.

“सम्यका, हा देऊ?”

ती आत वळून ओरडली, “आजी, यात दूध आहे?”

“न्हाई.”

“दह्याचं विरजण?”

“न्हाई. देठं हायत.”

“मग दे.”

दिला. सात वाजून बावीस. आता लिहिता लिहिता तिचा श्वास ऐकतोय. ती जमिनीवर बसून चित्र काढतेय, नाकातून आवाज येतोय, पण तो रंगवताना नेहमीच येतो, आजी म्हणते. दर दोन ओळींनी मान वर करून बघतो. पेन इथेच थांबवतो. अर्ध्या तासाने पुढचं लिहीन, तोवर हा कागद बंद करणार नाही.

आठ वाजत आले. ओठ गुलाबी आहेत. ती उठून माझ्या खुर्चीपाशी आलीय आणि रिकामी प्लेट माझ्या गुडघ्यावर आपटतेय. तिला तिसरा हवाय.

थांब, आधी तिला विचारतो.

पप्पा